उत्तरेच्या भिंतीपाशी बसलेले बाबा

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना आमच्या ऑफिसात भिंत निवडायला बसवलं होतं.

आमचं ऑफिस इमारतींच्या बाहेरच्या भिंती ठरवून देतं. कुठली भिंत करताना इंधन कमी जळतं, कुठली ऊब धरते, कुठली जास्त टिकते, हे सगळं बांधकामाआधीच संगणकावर पाहता येतं. पडद्यावर खोली उभी करायची, भिंती बदलत राहायच्या आणि आत एक माणूस बसवायचा. तो गारठला तर भिंत लाल होते, त्याला बरं वाटलं तर हिरवी. बाकीची ऑफिसं आत सरासरी माणूस बसवतात. आमच्या मुख्य बाईंना ते पटत नाही. "सरासरी माणूस कधी कुणी पाहिलाय?" असं म्हणून त्या प्रत्येकाला घरचं कुणीतरी आणायला लावतात. काम संपलं की त्या माणसाला पडद्यावरून उठवायचं आणि सगळ्यांनी उभं राहून "या बरं का" म्हणायचं, ही आमच्याकडची पद्धत.

खरं तर वय, कपडे, बसायची जागा आणि खिडकीची सवय एवढंच भरायचं असतं. पाच मिनिटांचं काम. मी बाबांना दुपारभर बसवून ठेवलं.

"हा मी?" पडद्यावरच्या करड्या आकृतीकडे बघत त्यांनी विचारलं.

"तुम्हीच. उत्तरेच्या भिंतीपाशी. स्वेटर घातलाय."

"पोट जास्त दाखवलंस."

"पोट प्रोग्रॅमचं आहे, बाबा. सगळ्यांना तेच देतात."

"मग मापात घोटाळा आहे." बाबांनी जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले होते, संशय त्यांच्या अंगात मुरलेला होता. "आणि किती वर्षं बसायचं इथे?"

"साठ. भिंतीचं आयुष्य तेवढं धरतो."

"बसतो की. चहा देत जा अधूनमधून. पण सकाळी उठल्यावर मी खिडकी उघडणार. थंडी असो नाहीतर काही असो."

मी तसं भरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवून पडले, ते उठलेच नाहीत.

सुट्टी संपवून ऑफिसात आले, तर बाबा आमच्याकडे कामाला आलेल्या नव्या वाचनालयाच्या उत्तरेच्या भिंतीपाशी बसलेले होते आणि त्यांनी झाडून सगळ्या भिंती नापास केल्या होत्या. विटांची लाल, लाकडाची लाल, गवताच्या गठ्ठ्यांचीही लाल. भर थंडीत रोज सकाळी खिडकी सताड उघडायची म्हटल्यावर दुसरं काय होणार?

सहकारी मला भेटायला म्हणून आले आणि पडद्यासमोरच उभे राहिले. खिडक्या-दारांचं काम बघणारा, ज्याला आम्ही काचवाला म्हणतो, हात जोडून म्हणाला, "काका, तेवढी खिडकी..."

मग वाचनालयाचे अध्यक्ष बैठकीला आले.

"हे गृहस्थ कोण?"

"माझे वडील."

"त्यांना सांगा, थंडीत खिडकी उघडू नका म्हणावं."

"वारले ते. मागच्या महिन्यात."

अध्यक्षांनी पडद्यावरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "मग उघडतंय कोण?"

खिडकीला खिळे ठोकावेत असं एकानं सुचवलं. गेलेल्या माणसाला कोंडणं बरं दिसत नाही, यावर बाकीच्यांचं एकमत झालं. शेवटी बाईंनी स्वतःच्या सासूबाईंना बसवायचं ठरवलं. "त्यांची खिडकी बंद, दार बंद. उघडं काय ते तोंड."

"आणि बाबा?" मी विचारलं.

"त्यांना तात्पुरतं व्हरांड्यात ठेव गं."

मी बाबांना व्हरांड्यात ठेवलं. व्हरांड्याला भिंतच नव्हती, आणि स्वेटर पातळ होता.

सासूबाई तीन शाली गुंडाळून बसल्या आणि सगळ्या भिंती हिरव्या झाल्या. काचवाल्यानं गंमत म्हणून पुठ्ठ्याची भिंत लावून पाहिली. तीही हिरवी. अध्यक्ष हवालदिल झाले.

"अहो, सगळ्याच पास झाल्या तर निवडू काय? त्या खिडकीवाल्यांना आत घ्या बघू."

बाबा आत आले. या वेळी मी कुटलेल्या मातीची जाड भिंत लावली, बाहेरून बुचाचं अस्तर. बाबांनी खिडकी उघडली, खोली गार पडली. खिडकी बंद झाल्यावर मातीनं धरून ठेवलेली ऊब हळूहळू परत दिली. साठ हिवाळे बाबा खिडकी उघडत राहिले आणि भिंत हिरवीच राहिली.

"गृहस्थ हट्टी," अध्यक्ष म्हणाले, "पण भिंत चांगली मिळाली."

खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मी उठवू का त्यांना? तू बाहेर जाऊन ये हवं तर."

"नको. मीच उठवते."

खोली रिकामी करायची का, असं प्रोग्रॅमनं विचारलं. मी बटणावर बोट ठेवलं. "या बरं का" आधी घरच्यांनी म्हणायचं असतं, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबले. अध्यक्षांनी डोक्यावरची टोपीही काढून हातात घेतली होती. मला ते शब्द म्हणवेनात.

"बाबा," मी म्हणाले, "त्या दिवशी तुमचं काम पाच मिनिटांत झालं होतं. तुम्ही खोलीत असलात की मला बरं वाटतं, म्हणून बसवून ठेवलं."