दुसरी चापट

बाबांनी पट्टी आपटली की मिलोचा तो लाल दाणा टेबलावर टुणकन उडायचा आणि पुन्हा वहीच्या कडेशीच येऊन पडायचा. रेशनवरची, दुष्काळातली मिलो, परदेशी तांबडी ज्वारी. आई उंबऱ्याशी सूप घेऊन निवडत बसली होती. "इश श्लागे," कृपा म्हणाली — मी मारते. "डू श्लेग्स्ट" — तू मारतोस. "एर श्लेग्ट"... तो मारतो. पट्टी. दाणा.

सोमवारी नगरला जर्मन सिस्टर परीक्षा घेणार होती. पास होईल त्या नर्सला तिकडच्या इस्पितळात नोकरी. नर्स झालेल्या कृपाला तर या घरातून सुटका. पण अख्ख्या कोल्हारात जर्मन येणारा माणूस एकच — तिचे वडील, अब्राहाम मास्तर, लहानपणी परदेशी पाद्र्याच्या हाताखाली शिकलेले. ज्यांच्यापासून पळायचं त्यांच्याच पुढ्यात बसून ती पळण्याची विद्या घोकत होती.

"मूळ शब्द स्लाहान. घाव घालणं." शब्दांच्या मुळाशी शिरले की मास्तरांना तहानभूक राहत नसे. "इंग्रजीत तेच पुढं 'स्ले' झालं, ठार मारणं. जर्मनांचं बघ, घड्याळाचे ठोके पडतात तेही श्लागेन, काळजाचे पडतात तेही श्लागेन!"

काळजाचे... मास्तरांच्या वर्गाचा नियम होता, ज्याचं उत्तर बरोबर त्यानं चुकणाऱ्याचं नाक धरायचं आणि थोबाडीत द्यायची. आईला घरी शिकवतानाही तोच. कृपा सात वर्षांची होती. नऊ सत्ते? आई गप्प — आणि त्रेसष्ट, मीच ओरडले, केवढ्या आनंदानं ओरडले — मग आई खाली वाकली, माझा हात पोचावा म्हणून; घामानं तिचं नाक चिमटीतून निसटत होतं; पहिली चापट हलकी पडली म्हणून बाबांनी दुसरी मारायला लावली, आणि दुसरी... दुसरी मी नीट मारली.

"आता भूतकाळ," मास्तर म्हणाले. "इश श्लाग्टे."

"श्लूग," कृपाच्या तोंडून निघून गेलं.

पट्टी वरच राहिली. मास्तरांनी पुस्तक ओढलं, पान पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं; श्लूगच होतं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि मान पुढे केली. "नियम म्हणजे नियम."

सुपाचा आवाज थांबला.

"मार, कृपे," आई मान वर न करता म्हणाली. "त्यांचाच नेम हाय. अन् हलकी मारू नको, न्हाईतर दुसरी मारायला लावत्याल."

कृपानं त्यांचं नाक चिमटीत धरलं. गार, मऊ, म्हातारं नाक. आता दया येईल असं तिला वाटलं होतं, ती आली नाही. लाजही आली नाही. हात अजून उचललेलाही नव्हता, तरी किती जोर लावायचा ते त्याला पाठ होतं... आणि मी सोमवारी पास झाले, समुद्रापार गेले, परक्या माणसांच्या नाड्या मोजत बसले, तरी त्या मोजायला हाच हात असणार होता.