दिवसाआडची देवी

निजामाचं राज्य जाऊन चार वर्षं झाली होती आणि भालकीची सडक आमच्या गावाकडे सरकत होती. सडक सगळ्यांना हवी होती, तिची खडी फोडणारी माणसं मात्र कुणालाच नको होती. तेलंगणाकडून आलेली ही माणसं रोगराई आणतात, असं पोलीस पाटील राघोबांनी ठरवून टाकलं. त्यांनी विहिरीवर यायचं नाही, पालं जुन्या खाणीच्या डबक्याशेजारी टाकायची, आणि एकाला जरी ताप आला तरी त्याच दिवशी सगळ्यांनी निघायचं, असा हुकूम सुटला. पोटासाठी आलेली माणसं, राहिली बिचारी. डबक्यातल्या डासांना मात्र कुणी हुकूम ऐकवला नव्हता.

पंधरा दिवसांत खडी फोडणाऱ्या गंगव्वाला हिवताप भरला. भर दुपारी तिचे दात वाजत होते, अंग गदागदा हलत होतं, आणि नेमक्या तेव्हाच राघोबांच्या बायको नागूबाई शेतावरून परतताना समोर उभ्या राहिल्या. ताप कळला असता तर सगळी पालं उठली असती. गंगव्वानं अंबाडा सोडला, केस तोंडावर घेतले आणि ती मोठ्यानं घुमायला लागली. नागूबाईंनी पायातलं काढून हात जोडले.

मग काय विचारता! देवी दिवसाआड यायची, सूर्य डोक्यावर आला की हजर. इतकी वक्तशीर देवी आमच्या पंचक्रोशीत झाली नव्हती. सगळं गाव नारळ घेऊन जायचं. मीसुद्धा माझ्या आटलेल्या म्हशीबद्दल विचारून आलो. देवी "पानी" म्हणाली की बंदी असलेल्या विहिरीतून घागर यायची, "थंडी" म्हणाली की घोंगडी. मधल्या दिवशी मात्र ती पुन्हा खडीवाली, आणि तिला डबकंच.

घोंगडीनं ताप जात नाही. गंगव्वा वाळत चालली. तिला कोयनेल, हिवतापावरचं ते कडू औषध, हवं होतं, पण ते मागायचं म्हणजे ताप कबूल करायचा. शेवटी देवीनं कडू नैवेद्य मागितला. आम्ही कारली नेली. मग कडुलिंबाचा पाला नेला. देवी रडली. ते आठवलं की मला आजही स्वतःची लाज वाटते.

दर वेळी पुढं बसणाऱ्या नागूबाईंनाही एका मंगळवारी घरातच हुडहुडी भरली. राघोबा हळदकुंकू शोधायला धावले. दातावर दात आपटताना नागूबाईंना सगळं उमगलं. खरं बोलल्या असत्या तर त्यांना औषध मिळालं असतं आणि गंगव्वाला गावाबाहेरचा रस्ता. त्यांनी केस सोडले.

"आमी दोगी भैनी हाव," त्या घुमत म्हणाल्या. "दोगींला भालकीच्या दवाखान्यातलं कोयनेल पायजे. आन् माज्या भैनीला त्या डबक्यापसून उठवा."

देवीला कोयनेल कसं ठाऊक, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. राघोबा स्वतः भालकीला गेले. पालं वरच्या माळावर आली.

पंधरवड्यात दोघी बऱ्या झाल्या. गंगव्वा घागर घेऊन विहिरीवर आली, तर राघोबा आडवे उभे.

"आता कामून आलीस? आता देवी न्हाई, काई न्हाई."

नागूबाई तिथंच पाणी शेंदत होत्या. त्यांनी दोर ठेवला आणि शांतपणे अंबाड्याला हात घातला.

"तिला पानी घिऊ द्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "न्हाईतर मी केस सोडते बगा."

राघोबा बाजूला झाले.