राहीबाईचा उजवा हात

थाळीच्या काठावर भाकरी टक् करून आपटली, आणि इतका वेळ मुकं बसलेलं स्वयंपाकघर दचकलं. तुळसाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं; मान मात्र वळवली नाही. पुन्हा टक्. तिची सासू राहीबाई भाकरी थाळीशी दाबून धरून डाव्या अंगठ्याने तिचा कोर काढू बघत होती. उजवा हात मांडीवर पडला होता, कुणी सांभाळायला ठेवून गेल्यासारखा.

नाचणीची भाकरी, पहाटे भाजून गार झालेली. तुळसा ती मुद्दाम अख्खी वाढायची. कुणी बोट ठेवावं असं त्यात काही नव्हतं. सासूच्या पानात अख्खी भाकरी म्हणजे मानच की!

"एखादी मऊ नाय का गो?"

"सगळ्या येकाच तव्यावरच्या हायत, आत्याबाय."

आवडी आजीकडे सरकली, तशी तुळसाने लेकीला दंडाला धरून आपल्याजवळ बसवलं. पोलकं मानेशी ढिलं होतं. तिथून खाली पाठभर कातडी आकसलेली होती, जळक्या दुधाच्या सायीसारखी.

गेल्याच्या आदल्या दिवाळीची पहिली अंघोळ होती ती. नातवंडाला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचा मान आजीचा. राहीबाईने उकळत्या पाण्याचं तपेलं चुलीवरून उतरवलं, आणि घंगाळापर्यंत पोचायच्या आत ते कलंडलं. "पोर आडवी आली," एवढंच ती बोलली; त्यानंतर त्यावर अवाक्षर नाही. पोर तर पाटावर बसून होती. तुळसाने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि मुलगी झाली म्हणून बारशाला तोंड फिरवून बसलेली बाई ती हीच. तुळसाला आणखी कुणी काही सांगायला नको होतं.

पोरीची पाठ भरून आल्यावर ती एकटी गावदेवीपुढे गेली. नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. "जिच्या हातानं माज्या लेकीची पाठ सोलली, तो हात झडून जाऊ दे गो आये."

पुढल्या लावणीला राहीबाईच्या मुठीतून भाताची रोपं गळायला लागली. मग अंगठ्यालगतचं मांस बसलं, दंडाची काठी झाली. गाव हळहळलं. तुळसाने देवीची ओटी भरली, आणि लेकीची वेणी घालताना तिच्या कानाशी लागून सांगितलं, "देवीनं आजीचा हात नेला बघ. तुज्यासाठी."

शिमग्याला मुंबईहून आलेला नवरा, दत्ताराम, जाताना म्हणाला, "आयेला महाडच्या डाक्टरला दाखव. टाइम काडू नको." तुळसा लगेच हो म्हणाली. हा हात परत येत नाही, हे तिला शिकलेल्या माणसाच्या तोंडूनही ऐकायचं होतं. येताना देवीसाठी नारळ घ्यायचा, हेही तिने ठरवून टाकलं.

दवाखाना चवदार तळ्याच्या अलीकडच्या आळीत. आवडीही बरोबर आली होती. डॉक्टरने राहीबाईचा दंड उघडा करून खिडकीच्या उजेडाला धरला. कातडीखाली मांस आपोआप उडत होतं, घटकेत इथे, घटकेत तिथे. खाचराच्या पाण्यात बेडकीची पिल्लं वळवळावीत तसं.

"हे तुम्ही हलवताय?"

"नाय बाबा. त्याचं तेच नाचतंय."

"दुखतं?"

"दुखत नाय. निस्तं माजं ऐकत नाय."

त्याने गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, जीभ बाहेर काढायला लावली, तीही उजेडात निरखली. मग तुळसाकडे वळला.

"मूळ खोड हातात नाही, बाई. मेंदूचा हुकूम हातापर्यंत नेणारे मज्जातंतू सुकत चाललेत. हुकूम येईनासा झाला, की स्नायू झडत जातात. उद्या दुसऱ्या हातात उतरेल, मग पायांत. पुढे घास गिळणंही जड जाईल. यावर औषध नाही. खोटं कशाला सांगू?"

तुळसाने पदर तोंडाला लावला. डॉक्टरला वाटलं, सून रडते आहे.

"हातातून वस्तू कधीपासून पडतात?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"गेल्या सालच्या लावणीपासनं," तुळसाच घाईने बोलली.

राहीबाईने मान हलवली. "त्याच्या आदीपासनं."

"आधी म्हणजे?"

"हिची पाठ भाजली ना, त्या दिवाळीच्या आदली भातकापणी. विळा राहायचाच नाय मुठीत. फडक्यानं बांधून घ्यायची मी, बायका बघत नसल्या म्हंजे."

तुळसाचा पदर खाली आला.

"आनि कुनाला बोललाव नाय?"

"काय बोलू?" राहीबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "बोलली असती, तर पोरीला न्हायला दिली असतीस माज्याकडं?"

डॉक्टर उठून मोरीवर हात धुवायला गेला. बराच वेळ धूत राहिला.

एस.टी.च्या थांब्यालगत नारळवाला बसला होता. सवयीने तुळसाचा हात ढिगाकडे गेला. तिने एक नारळ उचलला, कानाशी हलवून बघितला.

"देवाला का घराला, ताई?"

तुळसाने नारळ ढिगात परत ठेवला. नारळवाला काहीतरी पुटपुटला, ते तिच्या कानात शिरलं नाही. ज्या हातावर तिने इतके दिवस राग पोसला, त्याने काही केलंच नव्हतं. पण हात गेलाय हे ठाऊक असून तपेलं उचलणारी बाई, ती इथेच झाडाखाली बसली होती, पायांतली धूळ बघत. तुळसाने मुठी वळल्या, सोडल्या, पुन्हा वळल्या.

गावाकडे जाणारी वरंधची गाडी अजून आली नव्हती. आवडी आजीला टेकून बसली होती. तिने तो हलका झालेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उचलला, सोडला. तो मांडीवर पडला. तिने पुन्हा उचलला.

"आय," ती म्हणाली, "आजीचा हात देवीनं माज्यासाठी नेला ना गो?"

राहीबाईने मान वर केली. सुनेकडे बघितलं.

"पन तो तर आदीच गेलेला," आवडी म्हणाली. "मंग मला भाजलं कुनी?"