गुड नाईट, मिस्टर मुस्तफा

मुस्तफा मूळचा रत्नागिरीचा, पण उभी हयात रियाधच्या बत्हा बाजारात मसाल्याच्या दुकानात गेली. आता कफील, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान आणि व्हिसा तो अरब मालक, हट्टाला पेटला होता. "वेस्ट इंडीजच्या त्या बेटावरच्या जायफळाची एजन्सी आण, नाहीतर दुकान दुसऱ्याला देतो," असं त्यानं तोंडावर सांगितलं. दुकान गेलं की इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना गेला, आणि इकामा गेला की आवरा चंबूगबाळं!

मग काय, मुस्तफानं कंबर कसली. बेटावरचे रीतिरिवाज मुलगी इकरानं नेटवरून काढून त्याच्याकडून घोटून घेतले. एकदम धंद्यावर यायचं नाही, आधी ख्यालीखुशाली. घाई दाखवायची नाही. समोरच्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. "यल्ला यल्ला मत करना हं, अब्बा," इकरा बजावत होती. बजावणार नाही तर काय, सदा 'चला, लवकर' करणारी बापाची जीभ तिला ठाऊक!

बेटावरच्या शेतकरी संघाच्या बाईंनी सभा संपल्यानंतरची, त्यांच्याकडच्या रात्रीची वेळ दिली. रियाधमध्ये तेव्हा पहाटेची फजरची नमाज आटोपलेली. मुस्तफा इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर ताठ बसला. पडद्यावर बाई आल्या, गोड हसल्या आणि म्हणाल्या, "गुड नाईट, मिस्टर मुस्तफा!"

तोंड उघडायच्या आत निरोप? म्हणजे सभेत नकारच ठरला! हातापाया पडावं असं फार वाटलं त्याला. पण नाही, घाई नको ना! छातीवर हात ठेवून तो अदबीनं म्हणाला, "गुड नाईट, मॅडम. थँक्यू." आणि फोन बंद केला. काय म्हणावं या माणसाला!

चहा घेऊन आलेल्या इकरानं ऐकलं आणि मोबाईलवर शोधलं. तिचा चेहरा पडला.

"अब्बा, वहाँ रात को मिलते हैं तो गुड नाईट ही बोलते हैं. इट मीन्स हॅलो!"

मुस्तफानं फोन लावला, पुन्हा लावला. कोणी उचलेना. दुपारी मेसेज आला: आपल्याला बोलायची इच्छा दिसली नाही, एजन्सी दुसऱ्या व्यापाऱ्याला दिली आहे. इकरा रडायला लागली.

संध्याकाळी कफील दुकानात आला. "बाई काय म्हणाल्या?"

"मसा अल-खैर म्हणाल्या," मुस्तफा त्याच्याच अरबीत म्हणाला. संध्याकाळचा साधा रामराम.

"मग तू?"

"मी फोन ठेवला."

कफीलला वाटलं, हा थट्टा करतोय. तो पोट धरून हसला. मुस्तफा हसत नाही हे पाहून थांबला, आणि दुकानाच्या किल्ल्यांसाठी त्यानं हात पुढे केला.