जाईबाईचे बांधलेले हात

पाण्याच्या टँकरच्या रेटारेटीत तलवाड्याची जाईबाई पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याच्या सहकारी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या लेकीला, सिंधुबाईला, आधीच बजावलं होतं, "ऑपरेशननंतर म्हातारी माणसं भांबावतात. जाग आली की चष्मा अन् कानाचं मशीन लावा. पाणी पाजा, बोलत राहा, घरच्यांनी जवळून हलू नका. पुष्कळदा एवढ्यानं टळतं."

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दवाखान्याचे चेअरमन बबनराव पाहुणे घेऊन येणार म्हणून वॉर्ड आवरायचा हुकूम सुटला. नातेवाईक फाटकाबाहेर काढले. पिशव्या, चष्मे, कानाची मशीनं, पाण्याच्या बाटल्या कपाटात कोंबून कुलूप लावलं. सिंधुबाई वॉचमनशी भांडली. तो म्हणाला, "मला काहून बोलता? वरून हुकूम हाय."

दुपारी आत सोडलं, तेव्हा जाईबाईचे दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधले होते. ओठ कोरडे पडले होते.

"केशर, हंडा धर! टँकर निघाला!" ती ओरडत होती. केशर तिची बहीण, केव्हाच वारलेली. लेकीकडे तिनं परकीकडे बघावं तसं पाहिलं.

"उठून पळू बघत होती. या वयात डोकं फिरतंच," नर्स म्हणाली.

सिंधुबाईनं गाठी सोडल्या. मनगटांवर लाल वळ उठले होते. बाहेर पाहुण्यांसाठी अंगणभर पाणी शिंपडलेलं, व्हरांड्यात चहा चाललेला. ती पट्टी घेऊन थेट बबनरावांपुढं उभी राहिली.

"साहेब, माझ्या मायचे हात कुणी बांधले?"

"बाई, नंतर ऑफिसात भेटा."

"न्हाई. हितंच बोला. आमी सभासद हाव. डॉक्टरीणबाईनं सांगितलेलं समदं तुमी कुलपात घातलं. माय दिसंना, ऐकू येईना अशी करून तहानलेली बांधून ठिवली. आमी गोठ्यातल्या जनावरालाबी बांधायच्या आधी पाणी दावतो!"

पाहुण्यांचे कप हातातच राहिले. आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आल्या. पट्टी बघून त्यांचाही चेहरा तापला. "माझ्या पेशंटला बांधायचं मला न विचारता कुणी ठरवलं? आधी कपाट उघडा."

चष्मा चढला, मशीन लागलं. डॉक्टरीणबाईंनी जाईबाईला तपासलं, औषधं बदलली. सिंधुबाई चमच्यानं पाणी पाजत गावातलं एकेक नाव घेत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी जाईबाई म्हणाली, "सिंधे, तू हितं? घरी सैपाक कुणी केला?"

सिंधुबाई पदरात तोंड घालून रडली. पुढं जाईबाई सावरली, पण नाडी बघायला कुणी मनगट धरलं की अंग चोरायची.

त्याच आठवड्यात शेजारच्या खाटेवरच्या कचरूचं ऑपरेशन झालं. त्याची सून कडूबाई हिला वॉर्डबॉयनं बाहेर जायला सांगितलं. सिंधुबाई तिच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "ती जाणार न्हाई. मीबी न्हाई. बोलवा चेअरमनला."

वॉर्डबॉय निघून गेला. कचरूला जाग आली, कडूबाईनं चष्मा लावला. त्यानं सुनेला नावानं हाक मारली, पाणी मागितलं, नातवाची चौकशी केली.

सिंधुबाईला बरं वाटलं, अन् राग दुप्पट झाला. इतकं सोपं होतं हे.