लांब देठाचे ग्लास

ग्लास घ्यायला नवरा-बायको दुकानात गेले आणि तिथेच अक्काच्या मनात पाल चुकचुकली. लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच जेवायला यायची होती. त्यांच्याकडे जेवणाबरोबर वाइन असते, म्हणून आपणही ठेवू, असं अक्काच्या नवऱ्याने ठरवलं. उभा जन्म लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. गल्लीत सगळे त्याला घड्याळजीच म्हणत. घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. आणि आज तोच गृहस्थ ग्लास देठाला धरून उजेडात तिरपा करत होता, काठावरून बोट फिरवत होता. तांबड्या वाइनला पसरट पोटाचा, पांढरीला निमुळता, हेही त्याला ठाऊक होतं. दुकानदार नुसता हसत होता.

घरी आल्यावर तिने विचारलं, तर म्हणे ऐकून आहे. ऐकून बोटं अशी वळतात होय? मग तिला त्याचं रोज संध्याकाळी फिरायला जाणं आठवलं. तिने धुवायचे सदरे हुंगून पाहिले. घामाचा वास, तेलाचा वास; दारूचं नाव नाही. तेव्हा तर तिची खात्रीच पटली. दारू नसेल, तर दारूचे शिष्टाचार शिकवणारी कुणीतरी असणार. पाहुणे गेले की सरळ विचारायचं, आणि खोटं बोलला तर इतक्या वर्षांचा संसार टाकून बहिणीकडे निघून जायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं.

पाहुणे आले. टेबलावरचे ग्लास पाहून विहीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "निवड छान आहे हो," त्या म्हणाल्या. अक्काला ते कौतुक कारल्यासारखं लागलं.

घड्याळजीने बाटली उघडली आणि ओतायला सुरुवात केली. तहानलेल्याला पाणी द्यावं तसे त्याने सगळे ग्लास काठोकाठ भरले. व्याही खाली बघू लागले. विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "आता हे उचलायचे कसे? की वाकून तोंड लावायचं?"

लेक बापाच्या कानाशी लागली, की बाबा, एवढुसंच ओततात. त्याचे कान लाल झाले. फडकं आणायच्या निमित्ताने तो स्वयंपाकघरात गेला. अक्का पाठोपाठ.

"कुणाकडे शिकायला जात होता?"

"त्या ग्लासवाल्या दुकानदाराकडे. त्याचं घड्याळ दुरुस्त करून दिलं, तर त्याने ग्लास धरायला शिकवलं." तो फडक्याच्या घड्या घालत राहिला. "पण ते सगळे रिकामे. भरायचे किती, हे त्यानं सांगितलं नाही, मला विचारायचं सुचलं नाही."

"पण त्यांच्याकडे जेवलो तेव्हा पाहिलं नाही?"

"तिथे मी ग्लास मुठीत धरला, तर तुझी विहीण म्हणाली, पाना धरलाय का. नंतर मी मान वर केलीच नाही." फडक्याची घडी मोडत तो म्हणाला, "तूही हसली होतीस."

हसली होती खरी. सगळ्यांत मोठ्यांदा तीच हसली होती.

अक्का बाहेर येऊन आपल्या जागी बसली. सगळे ग्लास तसेच होते, कुणी हात लावला नव्हता. तिने दोन्ही हात टेबलावर टेकले, वाकली, ग्लास न उचलता काठाला ओठ लावले आणि चांगला मोठा घोट घेतला. चव भयंकर होती. तिने ती तोंडावर दिसू दिली नाही.

"अहो, या ना," तिने आत हाक मारली. "विहीणबाई खोळंबल्यात."