डोरीनचे चार दिवस

डोरीन आणि मी लंडनला एकाच डेपोत बसकंडक्टर होतो. आता मी नायगाराच्या अमेरिकी काठावर राहते, ती समोर कॅनडात. माझी ब्रिटिश पेन्शन दर एप्रिलला वाढते. तिची मात्र तिकडे गेल्यापासून गोठलेली; कॅनडात राहणाऱ्यांना वाढ द्यायची नाही, असा ब्रिटिश सरकारचा नियम. अमेरिकेत मात्र वाढ मिळते, म्हणून ती माझ्याकडे राहील तेवढेच दिवस तिला वाढीव दर. म्हणून चौऱ्याण्णवाव्या वर्षीही ती पूल चालत ओलांडते, चार दिवस राहते आणि ब्रिटनच्या पेन्शन कचेरीला पत्र लिहून त्या दिवसांचा फरक मागते.

यंदा पुलाच्या टोकाशी मी वैतागले. "अगं बये, त्यात चहाचा पुडाही येत नाही!"

"पुडा गेला खड्ड्यात, विनी! दरवर्षी त्यांना तो नियम वाचायला लावते. एखाद्या वर्षी वाचणाऱ्यालाच लाज वाटेल."

शेजारी नायगारा गर्जत होता. मला मात्र तिच्या काठीची टकटकच ऐकू येत होती.